ओळख करून देताना ‘मला काहीही चालेल’ असं लिहू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचं वय ३६. विशीत असताना एका जुन्या चित्रासमोर उभं राहिल्यावर तुमच्या लक्षात आलं, की क्रूसावर बांधलेल्या देहाचं दृश्य तुम्हाला लैंगिकदृष्ट्या खेचून घेतं. तेव्हापासून आजवर हे तुम्ही कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आता याच विषयात रस असलेल्या प्रौढांचा एक समूह तुम्हाला सापडला आहे. नव्याने येणाऱ्याने तिथे आधी आपली ओळख करून द्यायची असते. तुम्ही मसुदा पाठवला आहे आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत: हे लिहिलेलं ठीक आहे का, आणि मुळात असं वाटणं हा आजार आहे का.

तुमचा मसुदा इथे पुन्हा देते, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते समोर राहील: ‘नमस्कार. सोळा वर्षं हे मनात दडवून ठेवलं आहे. स्वतःची फार लाज वाटते. मी अगदी नवखा आहे, मला काहीही चालेल, माझ्या कसल्याच मर्यादा नाहीत. अनुभवी लोकांनी मला शिकवावं.’

मी लैंगिक समुपदेशनाचं काम वीसहून अधिक वर्षं करते आहे. क्रूसाची कामकल्पना घेऊन आलेली माणसं मी मोजकीच पाहिली, पण बंधन, वेदना, शरणागती या अंगाने जाणारे अनेक जण पाहिले. पहिल्यांदा तोंड उघडताना जवळजवळ सगळे असंच बोलतात. आधी लाज सांगतात आणि लगेच स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करून टाकतात. सोळा वर्षांचं साचलेलं एका दमात बाहेर येतं तेव्हा असंच होतं, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण हे पाच वाक्यांचं निवेदन आहे तसं पाठवू नका. माझी खरी काळजी चौथ्या वाक्याची आहे. त्याच्याकडे येतेच, आधी आजाराचा प्रश्न मिटवू.

वैद्यकशास्त्राने अशा इच्छांकडे प्रदीर्घ काळ रोग म्हणूनच पाहिलं. १८८६ साली मानसोपचारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांचं विकृतींची जंत्री मांडणारं पुस्तक आलं आणि तिथून पुढे कित्येक पिढ्या डॉक्टर त्याच चष्म्यातून पाहत राहिले. आज चित्र वेगळं आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या डीएसएम-५ या वर्गीकरणात चारचौघांपेक्षा वेगळी लैंगिक आवड आणि विकार यांत स्पष्ट फरक केला आहे. त्या आवडीमुळे माणसाला स्वतःला मोठा त्रास होत असेल, रोजचं जगणं विस्कटत असेल किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, तेव्हाच तिला विकार म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, आणि परस्परसंमतीने होणारा सॅडोमॅसोकिझम, म्हणजे वेदना देण्या-घेण्यातून मिळणारं लैंगिक सुख, त्यात विकारांच्या यादीत राहिलेला नाही. राहिला आहे तो दुसऱ्यावर जबरदस्ती करून मिळवलेल्या सुखाचा विकार. संमती आहे की नाही, यावर ती रेघ ओढली आहे.

तेव्हा तुम्हाला दृश्य आवडतं, त्याने उत्तेजना येते, एवढ्यावरून मी तुम्हाला आजारी म्हणणार नाही. दोन गोष्टी मात्र पाहायला हव्यात. या विचारांपायी झोप, काम, संसार मागे पडतो आहे का? आणि या कल्पनेत श्वास कोंडला जाण्याचा भाग आहे का? दुसरा प्रश्न मी मुद्दाम विचारते. डीएसएममध्येही त्याची वेगळी नोंद करायला सांगितली आहे, कारण या वाटेने माणसं एकटी असताना खरोखर मरतात. तुमचं उत्तर ‘हो’ असेल तर समूहात जाण्याआधी एखाद्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. भेटीत त्यांनी तुमची लाज वाढवली, तर दुसरे शोधा. अशी माणसं मिळतात.

लाजेबद्दल थोडं सांगायचं आहे, कारण तुमच्या मसुद्यात ती फार जड होऊन बसली आहे. हे जगात एकट्या माझ्याच डोक्यात आलं, असं प्रत्येकाला वाटतं. बेल्जियन चित्रकार फेलिसियाँ रॉप्स याने १८७८ मध्ये संत अँथनीच्या मोहाचं चित्र काढलं. तपस्वी प्रार्थनेला बसला आहे आणि समोरच्या क्रूसावर ख्रिस्ताच्या जागी एक नग्न स्त्री आहे. ख्रिस्ताच्या डोक्यावर जी पाटी असते तिच्यावर अक्षरं आहेत ‘एरॉस’, म्हणजे ग्रीकांचा कामदेव. फ्रॉइड यांनी १९०७ मध्ये याच चित्राचा दाखला दिला होता: जे दडपायला माणूस ज्या गोष्टीचा आधार घेतो, त्या गोष्टीतूनच दडपलेलं परत वर येतं. त्याच्याही कितीतरी आधी, मध्ययुगाच्या उत्तरार्धात युरोपात विल्जेफोर्टिस नावाच्या संत स्त्रीची कथा पसरली. लग्न टाळण्यासाठी तिने प्रार्थना केली, तिला दाढी आली, आणि चिडलेल्या बापाने तिला क्रूसावर चढवलं. लोक तिच्या मूर्तीपुढे दुःखं घेऊन जात. हे भक्तीचं उदाहरण आहे, कामुकतेचं नाही. पण क्रूसावरचा देह माणसाच्या मनात किती वेगवेगळ्या वाटांनी शिरतो, हे त्यावरून कळतं. उघडा देह, पसरलेले हात, पळता न येणं, सगळ्यांची नजर. यातलं नेमकं काय तुम्हाला धरून ठेवतं, ते फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि ओळखीत सांगण्यासारखी गोष्ट तीच आहे. ‘मला लाज वाटते’ यातून समोरच्याला तुमच्याबद्दल काहीच समजत नाही. ‘मला त्यातली असहायता भिडते, रक्त किंवा जखमा अजिबात नकोत’ या एका ओळीत मात्र पुष्कळ समजतं.

आता चौथं वाक्य. ‘मला काहीही चालेल, माझ्या कसल्याच मर्यादा नाहीत.’

हे वाक्य माझ्यासमोर बसून अनेकांनी उच्चारलं आहे. खोदून विचारलं की पाचव्या मिनिटाला मर्यादा बाहेर येतात. एका गृहस्थांना मी साधं विचारलं, ‘चेहरा झाकलेला चालेल?’ ते खुर्चीत मागे सरकले. ‘फोटो काढलेले?’ ‘छे छे.’ ‘अनोळखी माणसाने बांधलेलं?’ बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘बांधलेलंच नको. मला फक्त बघायचं असतं.’ मर्यादा नसलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. आपल्या मर्यादा अजून न तपासलेली माणसं भेटतात. नवख्याला वाटतं की मर्यादा सांगितल्या तर आपण कच्चे ठरू, कोणी जवळ करणार नाही. होतं नेमकं उलटं. अनुभवी आणि जबाबदार माणूस असं वाक्य वाचून दोन पावलं मागे जातो, कारण ज्याला स्वतःचं ‘नको’ माहीत नाही त्याच्या ‘हो’वर विसंबायचं कसं? आणि त्या वाक्याकडे जो धावत येतो, त्याला नेमकी मर्यादा नसलेली व्यक्तीच हवी असते. म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही सांभाळून घेणाऱ्यांना दूर लोटता आणि ज्याच्यापासून जपायचं त्याला बोलावता.

मग लिहायचं काय? त्यासाठी आधी स्वतःशी एक फरक करावा लागेल. या विषयात रस असणारे सगळे एकाच गोष्टीच्या मागे नसतात. काहींना इतिहास आणि चित्रं हवी असतात. काहींना कथा लिहायच्या-वाचायच्या असतात. काही जण चित्रं काढतात किंवा संगणकावर दृश्यं रचतात. काहींना जोडीदाराबरोबर बंद दाराआड, बीडीएसएमच्या (म्हणजे संमतीने केलेल्या बंधन, हुकमत आणि वेदनेच्या लैंगिक खेळाच्या) रीतीने, बांधून घेण्याचा किंवा बांधण्याचा खेळ करायचा असतो. एकाच माणसात यातलं दोन-तीन असू शकतं. पण एकातून दुसऱ्यात आपोआप उतरायचं असतं, ही समजूत घातक आहे. माझ्या अनुभवात असे कितीतरी जण आहेत, ज्यांच्यासाठी ही कल्पना आयुष्यभर कल्पनाच राहिली आणि तशीच ती पुरेशी होती. कल्पनेतली वेदना दुखत नाही, कल्पनेतला दोर रुतत नाही आणि हवं तेव्हा डोळे उघडता येतात. मनात जे अतिशय तीव्र आहे ते शरीरावर घडलं, तर नकोसं वाटू शकतं. त्यात विसंगती काहीच नाही.

म्हणून कागद घ्या आणि तीन याद्या करा: मला वाचायला-पाहायला आवडतं ते, मला कधीतरी अनुभवायचं आहे ते, आणि मला कोणत्याही रूपात नको आहे ते. पहिली यादी भराभर होईल. दुसरी लिहिताना हात थांबेल, थांबू द्या. तिसरी रिकामी राहिली तर ती भरेपर्यंत ओळख लिहायला घेऊ नका. या याद्या कुणाला दाखवायच्या नाहीत. ओळखीत त्यातल्या दोन-तीन ओळीच जातील, पण त्या तुमच्या खऱ्या असतील.

‘अनुभवी लोकांनी मला शिकवावं’ हेही असंच बदलायला हवं. शिकण्याची इच्छा चांगली आहे, पण ‘काहीही चालेल’ला जोडून ती आली की तिचा अर्थ फार वेगळा होतो. अनुभवाचा दावा कोणीही करू शकतो. त्यापेक्षा नेमका प्रश्न विचारा. ‘या विषयावरच्या चित्रांबद्दल कुठून वाचायला सुरुवात करू?’ किंवा ‘जोडीदाराशी हा विषय तुम्ही कसा काढलात?’ अशा प्रश्नांना चारचौघांत उत्तरं मिळतात. उत्तर देणारा माणूस इतरांशी कसा बोलतो, कोणी नकार दिला तर तो कसा घेतो, हेही तिथे दिसतं. पहिल्याच दिवशी तुम्हाला बाजूला घेऊन ‘माझ्याशी खासगीत बोल, इथल्यांना काही कळत नाही’ म्हणणारा, फोटो मागणारा, खरं नाव किंवा नोकरी विचारणारा, कसलीही घाई करणारा, असा कोणीही असो, त्याला उत्तर देण्याचं तुमच्यावर बंधन नाही. काही महिने फक्त वाचत राहिलात तरी कोणाचं काही बिघडत नाही.

दुसऱ्या यादीत काही असेल तर शरीराबद्दल सविस्तर सांगणं मला भाग आहे. इथे संकोच करून मी आडून बोलले तर ते तुमच्या जिवाशी खेळणं होईल.

क्रूसावर माणूस नेमका कशाने मरत असे, यावर डॉक्टरांत जुना वाद आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक पिएर बार्बे यांचं म्हणणं होतं की हातांवर लोंबकळल्याने छाती ताणलेल्या अवस्थेत अडकते आणि माणूस गुदमरतो. अमेरिकी न्यायवैद्यक तज्ज्ञ फ्रेडरिक झुगिबे यांनी पुढे स्वयंसेवकांना क्रूसावर बांधून तपासलं आणि त्यांना श्वास घ्यायला त्रास झाला नाही, असं नोंदवलं. २००६ मध्ये या सगळ्या मतांचा आढावा घेणारा लेख आला. त्याचा निष्कर्ष होता की कोणत्याही एका कारणाच्या बाजूने पुरेसा पुरावा नाही. नवखे लोक यातलं झुगिबे यांचं तेवढं उचलतात आणि म्हणतात, बघा, यात धोका नाही. त्या प्रयोगात स्वयंसेवकांचे पाय बांधून टेकवलेले होते, त्यांच्यावर सतत वैद्यकीय लक्ष होतं आणि लगेच खाली घेता येत होतं. घरी बसवलेल्या लाकडी चौकटीवर यातलं काय असतं?

आणि धोका फक्त श्वासाचा नाही. माणूस उभा, न हलता, बराच वेळ राहिला की रक्त पायांत साठत जातं. एरवी आपण चालतो, पोटऱ्यांचे स्नायू आवळले जातात आणि रक्त वर ढकललं जातं. बांधलेल्या माणसाचं हे थांबतं. मग मेंदूला रक्त कमी पडतं आणि चक्कर येते. मोकळा माणूस चक्कर आल्यावर जमिनीवर पडतो, आडवा होतो, आणि आडवं झाल्यानेच शुद्धीवर येतो. बांधलेला माणूस पडू शकत नाही. बेशुद्ध अवस्थेत तो उभाच राहतो आणि तिथून पुढे काही मिनिटांत गोष्ट हाताबाहेर जाऊ शकते. गिर्यारोहणात आणि उंचावर काम करणाऱ्यांत हे ठाऊक असतं, कारण पट्ट्यात निश्चल लटकून राहिलेली माणसं यामुळे दगावली आहेत.

मग नसा. काखेतून हाताकडे जाणारं नसांचं जाळं, दंडाला वळसा घालून जाणारी नस आणि मनगटातल्या नसा यांवर दाब किंवा ताण राहिला, तर हाताला मुंग्या येतात, बधिरपणा येतो आणि मनगट उचलता येईनासं होतं. ते बरं व्हायला आठवडे किंवा महिने लागू शकतात, कधी ते पूर्ण बरं होतही नाही. सगळं वजन मनगटांवर आलं तर खांदा निखळू शकतो.

यावरून मी जे नियम सांगते त्यांत तडजोड करत नाही. पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले आणि वजन पायांवरच. हात खांद्याच्या वर ताणलेले नकोत. मानेभोवती, छातीभोवती, तोंडावर काहीही नको. मनगटाला बारीक दोरी नको, रुंद आणि मऊ पट्टे हवेत. बंध एका झटक्यात सुटतील असे, आणि बोथट टोकाची कापायची कात्री हाताशी. सोबतचा माणूस एक क्षणही खोली सोडणार नाही. एकट्याने हे कधीही करायचं नाही, ‘फक्त बघायला’ म्हणूनही नाही. दारू किंवा नशा केलेली असताना नाही. ठरलेला थांबण्याचा शब्द, म्हणजे सेफवर्ड, आणि बोलता आलं नाही तर हातातली वस्तू खाली टाकण्याची खूण. मुंग्या, थंड बोटं, घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही जाणवलं की त्याच क्षणी सोडवून आडवं झोपवायचं. नंतर दोघांनी निवांत बसून एकमेकांची विचारपूस करायची, ज्याला आफ्टरकेअर म्हणतात, तिलाही वेळ ठेवायचा. याहून सौम्य वाट म्हणजे क्रूस जमिनीवर आडवाच ठेवणं. झोपलेल्या अवस्थेत रक्त पायांत साठत नाही, वजन हातांवर येत नाही. जोडप्यांना मी सुरुवातीला तेच सुचवते, आणि अनेकांना त्यापुढे जावंसं वाटत नाही.

खिळे नकोत. यावर चर्चा करायची माझी तयारी नाही.

इथे कोणीतरी फिलिपिन्सचं उदाहरण पुढे करतंच, म्हणून सांगते. पाम्पांगा प्रांतात सान फर्नांदो शहरातल्या कुटुड गावात गुड फ्रायडेला काही भक्त स्वतःला खरोखर खिळे ठोकून घेतात. ही प्रथा १९६० च्या दशकापासून चालू आहे. ते नवस फेडतात. काही मिनिटंच क्रूसावर असतात, पायांखाली आधार असतो, हात कापडाने बांधलेले असतात, खिळे निर्जंतुक केलेले असतात, आणि तरीही तिथलं आरोग्य खातं धनुर्वाताच्या लशीचा सल्ला देतं व कॅथलिक चर्च ही प्रथा नको म्हणतं. त्यांच्या नवसाला आपल्या कामकल्पनेचा दाखला बनवू नका, ते त्या माणसांवर अन्याय करणारं आहे. आणि शरीराच्या दृष्टीने त्यातून ‘जमतं’ असा निष्कर्षही काढू नका.

याच ओघात आणखी एक विचार मांडते. तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. क्रूस हे खरं मारण्याचं साधन होतं. इसवी सनपूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसच्या पुढारीपणाखालचं रोमन गुलामांचं बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार माणसं क्रूसांवर टांगली गेली. १९६८ मध्ये जेरुसलेमजवळ एका थडग्यात टाचेचं हाड सापडलं, खिळा अजून आरपार तसाच. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये फेनस्टंटन इथे असंच दुसरं हाड मिळालं. ही हाडं खऱ्या माणसांची होती, आणि क्रूसावर चढवलेल्यांत कित्येक गुलाम असत. तुमच्या कल्पनेत जो देह आहे त्याने होकार दिलेला आहे, तो थांबवू शकतो, तो रात्री घरी जातो. त्या टाचेच्या माणसाला यातलं काहीच नव्हतं. हे लक्षात ठेवलं तर काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत: खऱ्या हिंसेची चित्रफीत मागायची नाही की पाठवायची नाही, आणि कोणाच्या श्रद्धेची टिंगल करून आपली आवड सिद्ध करायची नाही. तुम्ही स्वतः श्रद्धाळू घरातले असाल आणि अपराधीपणा त्यातूनही येत असेल, तर तो समूहासमोर उलगडू नका. ते बोलणं एका समजूतदार माणसासमोर, बंद खोलीत व्हायला हवं.

ओळखीत आणखी काय नको, ते भरभर सांगते. लहानपणच्या आठवणी नकोत. अनेकांना ‘हे कधी सुरू झालं’ तिथपासून सांगावंसं वाटतं, पण प्रौढांच्या या विषयात अल्पवयीन व्यक्तीचा उल्लेख कोणत्याही रूपात येऊ नये, स्वतःच्या बालपणाचाही नाही. ते समुपदेशकाकडे बोला. खरं नाव, गाव, कामाचं ठिकाण, बायकोबद्दलचा तपशील नको. नेहमीचा ई-मेल वापरू नका. फोटो देऊच नका. दिलाच तर त्यात दडलेली ठिकाणाची नोंद काढून टाका, आणि चेहरा झाकला तरी अंगावरचं गोंदण, जन्मखूण, मागची भिंत यांवरून माणूस ओळखू येतो, हे ध्यानात ठेवा. ओळखीच्या कुणाचा किंवा एखाद्या नटीचा चेहरा अशा चित्रावर चिकटवून पाठवणं हे तिच्या संमतीशिवाय केलेलं कृत्य आहे. संमतीची भाषा बोलणाऱ्याला ते शोभत नाही.

कायद्याबद्दल नेमकं मी सांगू शकत नाही, कारण देशादेशात फरक आहे. एवढं जाणून असा की ‘आमची संमती होती’ हे उत्तर सगळीकडे चालत नाही. ब्रिटनमध्ये १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की सॅडोमॅसोकिस्ट कृत्यांत शारीरिक इजा झाली तर संमती हा बचाव होत नाही. १९९७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या शिक्षा कायम राहू दिल्या. चित्रं आणि चित्रफिती जवळ बाळगण्याचे नियमही ठिकठिकाणी निराळे आहेत. तुम्ही जिथे राहता तिथले आधी वाचा.

बायकोला सांगावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रश्नात तो धागा आहे. हे तुमच्या नात्यावर अवलंबून आहे आणि मी इथून ठरवू शकत नाही. तुम्ही फक्त वाचणार-पाहणार असाल तर किती सांगायचं याला वेळ आहे. समूहातल्या कुणाशी खासगी, नियमित बोलणं सुरू होणार असेल, तर ते तिच्यापासून लपलेलं दुसरं नातं व्हायला फार दिवस लागत नाहीत. मी जी लग्नं यापायी मोडताना पाहिली, त्यांतल्या बायका म्हणायच्या, ‘त्याला काय आवडतं याचं मला काही नव्हतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, हे सहन झालं नाही.’

तुमचा मसुदा तुमच्याच शब्दांत थोडा हलवून लिहिला आहे. त्यात नाव घातलेलं नाही, नावाच्या जागी कोणतंही टोपणनाव टाका, मात्र ते तुमच्या दुसऱ्या कुठल्या खात्यावरचं नको.

‘नमस्कार. मी तिशी ओलांडलेला विवाहित पुरुष आहे. क्रूसाच्या दृश्यातली असहायता आणि शांतता मला अनेक वर्षं खेचते आहे. हे पहिल्यांदाच कुठे लिहितो आहे. सध्या मला जुनी चित्रं पाहायची आणि कथा वाचायच्या आहेत, प्रत्यक्ष काही करायचा विचार नाही. रक्त, जखमा आणि खऱ्या घटनांची दृश्यं मला नको आहेत. खासगी संदेशांना मी तूर्त उत्तर देणार नाही. सुरुवातीला वाचण्याजोगं काही सुचवलंत तर आभारी होईन.’

यातली ‘असहायता आणि शांतता’ ही माझी अटकळ आहे. याद्या करून झाल्यावर तिथे तुमचा खरा शब्द घाला. लिहून झालं की रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी उजेडात पुन्हा वाचा. ‘नको आहे’ असलेली ओळ खोडाविशी वाटली, तर त्या दिवशी पाठवू नका.